ओळंबा त्याचा, वही तुझी

अगं, आधी तो मोबाइल खाली ठेव. त्यातली घरांची चित्रं बघून बघून तुझी झोप उडाली आहे. नवरा शिरवळला कंपनीत पाळ्या करतो, सासऱ्यांना आता उठबस होत नाही, पोरं शाळेत, आणि घर मात्र तुलाच उभं करायचं आहे. शेजारणी म्हणतात, ‘बाई गं, तुला कसं जमायचं?’ जमतं गं. खरं सांगू का, आपल्या भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यातली पुरुष माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याला पोटामागं गेली, आणि मागं घर शाकारून घेणं, कूड लिंपणं, गड्यांना जेवू घालून त्यांच्याकडून काम करून घेणं बायकांनीच केलं. आता कारवीच्या कुडाच्या जागी आरसीसीचे कॉलम आले. लक्ष मात्र तेच लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे.

आणि बघ, ठेकेदाराशिवाय घर बांधणं म्हणजे काही आडदांडपणा नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण भागासाठीचे नियमच असे आहेत, की घरकुल ज्याच्या नावे मंजूर झालं त्यानं ते स्वतः बांधून घ्यायचं, ठेकेदार लावायचा नाही. किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं घर, आणि त्याचा मालक हाच त्याचा मुकादम. त्याच्याही आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर, लातूर-धाराशिवकडे लाखाच्या वर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतःच करून घेतलं होतं. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या होत्या. मदतीचा पैसा कशाला वापरायचा, भिंती बांधून धरायच्या कशा, हे त्या घराघरात जाऊन समजावत होत्या. त्यातल्या कुणी इंजिनिअरिंग शिकायला गेल्या नव्हत्या.

म्हणून तुला गवंडीकाम यायलाच हवं असं मनात घेऊ नकोस. ओळंबा धरणं, थर लावणं, कोपरा साधणं ही मिस्त्रीची विद्या आहे, तिला मान दे. तुझ्या हातात क्रम आणि मोजमाप राहू दे. कोणतं काम कशाच्या आधी आणि कोणता माल किती, एवढं सांभाळलंस की घर तुझ्या ताब्यात राहतं.

क्रम ठरवताना पहिला विचार पावसाचा. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, तिथून मागे मोजत यायचं. भोर गावातला पाऊस वेगळा, हिर्डोशीच्या खोऱ्यातला वेगळा आणि केळद-पासलीकडचा तर त्याहून वेगळा. जितकं घाटमाथ्याजवळ जाशील तितका तो जास्त आणि तितका जास्त दिवस. तुझं छप्पर आणि पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरचं प्लास्टर मे संपायच्या आत व्हायलाच हवं. मग स्लॅब गुढीपाडव्याच्या आत, आणि पाया मार्गशीर्षात. दिवाळीत धरू नकोस, कारण तेव्हा भाताची कापणी-झोडणी चालू असते, बिगारी मिळत नाही आणि मिळाला तरी त्याचं मन खळ्यावर असतं. चैत्रात गावोगावच्या जत्रा. त्या दिवसांत कामावर माणूस येणार नाही हे आधीच धरून चाल, त्यावरून भांडण नको. लग्नसराईत चार दिवस असेच जातील. फरशी, आतलं प्लास्टर, रंग, दारं-खिडक्या ही कामं पावसाळ्यात डोक्यावर छप्पर असताना सुखानं होतात.

पाण्याची काळजी तुला आत्ता सुचणार नाही, पण मी आठवण करून देते. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, एवढी धरणं आपल्या अंगणात, आणि एप्रिल-मेमध्ये वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट बघायची. धरण उशाला, कोरड घशाला. तुझा स्लॅब त्या दिवसांच्या तोंडावर आणि बाहेरचं प्लास्टर नेमकं त्याच दिवसांत पाणी मागणार आहे. तेव्हा चैत्रात तुमच्या विहिरीला किती पाणी उरतं ते सासऱ्यांना विचार, बोअरचा मालक कोण आणि तो किती देईल हे आधी बोलून ठेव, आणि साठवणीची टाकी पाया खोदायच्या आधी आणून ठेव. टाकीवर झाकण हवंच. लहान पोरं असलेल्या घरात उघडं पाणी ठेवायचं नाही, बांधकामाच्या गडबडीत तर मुळीच नाही.

आता जागा. तुमची जागा गावठाणातली आहे म्हणतेस, तर काम बरंच सोपं. पण भोर-वेल्ह्यातली बरीच गावं पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतात, काही येत नाहीत, आणि भोर शहरात नगरपरिषद. परवानगी कुणाची लागते हे पहिल्यांदा ग्रामपंचायतीत विचार, उत्तर वहीत लिही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ३०० चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटवरच्या घरांना सोपी वाट दिलेली आहे, तेव्हा कुणी ‘दोन वर्षं लागतील’ म्हणून घाबरवलं तर लगेच विश्वास ठेवू नकोस. घर शेतात, गटनंबरात असेल तर मात्र इंजिनिअरला घेऊन बसल्याशिवाय कुदळ मारू नकोस. आणि वेल्हे तालुका आता सरकारी कागदावर राजगड तालुका झाला आहे, अर्ज करताना तालुक्याचं नाव बघून लिही.

भातखाचरात घर बांधायचा विचार कुणी तुझ्या डोक्यात घालत असेल तर नाही म्हण. जागा सपाट दिसते, रस्त्याला लागून असते, मोह होतो. पण त्या मातीत पाणी धरायचा गुण आहे, म्हणून तर तिथं भात पिकतं. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, भिंतींना तडे जातात. तसंच डोंगराच्या पोटाला उभा काप घेऊन जागा काढू नकोस. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, तो दिवस आपल्या जिल्ह्यातलं कुणी विसरलेलं नाही. उतारावर घर असेल तर वरून येणारं पाणी घराच्या मागून चर काढून बाजूला कसं न्यायचं, हे भिंतींच्या आधी ठरव.

जुनं घर पाडणार आहेस ना? मग पाडायच्या आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घे. आणि दिरांशी, भावकीशी बोलणं कर. सामाईक भिंत असेल तर तिचं काय करायचं ते कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. दुसरं, पागोळ्या. तुझ्या छपराचं पाणी त्यांच्या अंगणात पडलं की पहिल्याच पावसात आवाज चढतात, आणि पुढं पंधरा वर्षं लग्नकार्यात तोंडं फिरवली जातात. भिंत हद्दीपासून आत घे, पन्हळ लाव, पाणी तुझ्याच दारात उतरव. एक-दीड फूट जागा गेली तर जाऊ दे गं, माणसं राहतील.

इंजिनिअरच्या पैशात मात्र काटकसर नको. आरसीसी नकाशा त्याच्याकडून घे, आणि निदान दोन वेळा तरी त्यानं जागेवर यायचं असं ठरव: फुटिंगची जाळी बसली की, आणि स्लॅबचं लोखंड बांधून झालं की. मिस्त्री म्हणेल, ‘ताई, एवढी घरं बांधली, कशाला नकाशा?’ त्याला हसून सांग, ‘दादा, मला बँकेला द्यायचा आहे.’ वाद संपतो. एक गोष्ट नकाशात बघून घे, दारं-खिडक्यांच्या वरचा लिंटेल बीम चारही भिंतींवरून सलग फिरलेला असावा. खिडकीपुरते तुकडे नकोत. कोयनेचा भूकंप १९६७ चा, आणि कोयना आपल्यापासून काही लांब नाही.

मिस्त्रीशी बोलणी करताना मजुरी फुटावर ठरव आणि माल तुझा ठेव. पैसे झालेल्या कामाचे: जोतं झालं की एवढे, लिंटेल झाली की एवढे, स्लॅब, प्लास्टर, फरशी. थोडी रक्कम पहिला पाऊस पार पडल्यावर, हे बोलणीच्या दिवशीच सांगायचं, शेवटी काढलं तर ते बरं दिसत नाही. उचल मागतील. कुणाची पोर आजारी, कुणाच्या गावाकडं काही. माणुसकीनं द्यायची, पण थोडी, आणि त्यांच्यासमोर वहीत लिहून सही घ्यायची. अंदाजपत्रकाच्या वर दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेव आणि ती आहे हे नवऱ्याशिवाय कुणाला कळू देऊ नकोस.

वहीचं सांगते. मोठी, जाड पुठ्ठ्याची घे. एका पानावर रोजची हजेरी, मिस्त्री किती, बिगारी किती, बायका किती. समोरच्या पानावर माल आणि पैसे. रात्री भांडी आवरली की दहा मिनिटं, पण त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला हिशेब हिशेब नसतो.

माल मोजायला शिकणं अवघड नाही, बघ. खडी, क्रश सँड ब्रासवर येते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट भरलेली असेल, तर दहा पंचे पन्नास, दुणे शंभर, झाला एक ब्रास. टेप घेऊन स्वतः चढ. ड्रायव्हर पहिल्या दिवशी हसेल, दुसऱ्या खेपेला ट्रॉली काठोकाठ येईल. सँड ओली असेल तर ती फुगलेली असते, मापात भरते पण माल कमी असतो. म्हणून शक्यतो कोरडी उतरवून घे. काचेच्या बरणीत निम्मी सँड, वर पाणी, चांगली हलव आणि ठेव. वर मातीचा जाड थर बसला तर ती खेप परत.

सळईचंही तसंच. बाजारातली सळई साधारण १२ मीटरची, म्हणजे चाळीस फुटी. आठ मिलिमीटरची एक सळई पावणेपाच किलोच्या आसपास भरते, दहाची सात किलो चारशे ग्रॅम, बाराची दहा किलो साडेसहाशेच्या जवळ, सोळाची एकोणीस किलो. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. सळया मोज, गुण, आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघ. थोडा फरक चालतो, जास्त असेल तर दुकानदाराला तिथंच विचार, त्याला कळतं की इथं मोजणारं कुणीतरी आहे. सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेऊ नकोस. गोणी जमिनीवर टेकवायच्या नाहीत, फळ्यांवर ठेवायच्या, भिंतीपासून हातभर लांब, आणि दहाच्या वर थप्पी नको. एकदम सगळं सिमेंट आणून ठेवायची हौस करू नकोस, नसरापूर किंवा भोरहून लागेल तसं मागव. तुमच्या वाडीपर्यंत मोठा ट्रक येत नसेल तर फाट्यावर उतरवून ट्रॅक्टरनं आणायचा खर्च आधीच धर, हा खर्च सगळे विसरतात.

आखणीच्या दिवशी तू तिथं हवीस. चुन्याच्या रेघा मारल्या की कोपऱ्याचा काटकोन तुला स्वतःला तपासता येतो. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण, आणि या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की झालं. हे शाळेत शिकलीस गं तू, फक्त कुणी सांगितलं नाही की ते इथं कामाला येतं. पाया कडक मुरूम लागेपर्यंत जायचा, मग तो चार फुटांवर लागो नाहीतर सहा. जोत्यात भराव टाकताना सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. एकदम सगळा मुरूम ओतला की दोन वर्षांनी फरशी बसते. आणि जोतं रस्त्यापेक्षा चांगलं दोन फूट वर घे. आपल्या गावांतले रस्ते दर काही वर्षांनी नव्या थरानं उंच होत जातात आणि जुन्या घरांचे उंबरे खाली जातात, तुझ्या आत्ताच्या घराचा उंबरा बघ म्हणजे कळेल.

आता स्लॅब. तुझ्या पोटात गोळा येतो तो याच दिवसाचा, हे मला ठाऊक आहे. पण स्लॅबचं खरं काम आदल्या संध्याकाळी असतं. इंजिनिअर बघून गेला की मजूर जातात, तेव्हा तू हातात खडू आणि टेप घेऊन वर चढ. पंख्याचे बॉक्स मोज, प्रत्येक खोलीला एक आहे ना? विजेचे पाइप बॉक्सात नीट शिरलेत का, तोंडं बंद केलीत का, नाहीतर सिमेंट आत जाऊन बसतं. सळईच्या खाली कव्हर ब्लॉक दिसले पाहिजेत, स्लॅबला २० मिलिमीटरचे, बीमला २५ चे. खडी किंवा फुटकी फरशी खाली सारली असेल तर काढायला लाव. वाकून बघ, सळई कुठं सेंट्रिंगच्या प्लेटला टेकली असेल तर तिथं पुढं गंज येणार आणि सात-आठ वर्षांनी पापुद्रे पडणार. बाथरूमचा पाइप, गच्चीचं पाणी उतरायची जागा, टाकीचा पाइप. हे सगळं झालं की टेप जाळीवर धरून प्रत्येक खोलीवरचे फोटो काढून ठेव. पुढं छताला भोक पाडायचं झालं तरी ते कामाला येतात.

हिशेबही आदल्या दिवशी कर. समज सहाशे चौरस फुटांचा स्लॅब, जाडी पाच इंच, तर काँक्रीट अडीचशे घनफूट. एम-२० मिश्रणाला साधारण ५५ ते ६० गोणी, बीमच्या वेगळ्या. त्यावर पाच-सात गोणी जास्त असू देत. स्लॅब मध्येच थांबला तर जिथं सांधा राहतो तिथूनच पुढं गळतो. व्हायब्रेटरची दुसरी सुई, मिक्सरला डिझेल, दोन्ही आहे का विचारून ठेव.

प्रत्यक्ष दिवशी एकच हट्ट धर, पाणी. मजुरांना पातळ माल ओढायला सोपा जातो, म्हणून ते बादली वाढवतात. भाकरीच्या पिठात पाणी जास्त झालं की भाकरी थापताना फाटते, तसंच हे. एका गोणीला जास्तीत जास्त तीस लिटर, आणि मोजून. मिक्सरपाशी एक खुर्ची टाकून बस आणि बादल्या मोज. कुणी काही म्हणणार नाही. म्हटलं तरी बस. दुपारचं जेवण चांगलं कर, स्लॅबच्या दिवशी मजुरांना गोडाचं जेवण घालायची आपल्याकडची रीत आहे. पण ते रांधायला जावेला, नणंदेला बोलाव. तू त्या दिवशी चुलीपाशी नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्लॅबवर सिमेंटमातीचे छोटे वाफे करून पाणी भरून ठेवायचं. आपल्याकडे मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी असतं, ते सावकाश ताकद धरतं, म्हणून किमान दहा दिवस, चौदा मिळाले तर उत्तम. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेव. हे काम बिगाऱ्यावर सोडू नकोस, घरातल्या माणसांत वाटून घे. सेंट्रिंगवाल्याचं भाडं चालू असतं, त्यामुळे टेकू लवकर काढायची घाई तो करणारच. भारतीय मानक ४५६ प्रमाणे स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस ठेवायचे असतात, बीमखालचे चौदा ते एकवीस. तेही साध्या सिमेंटला. तुझ्या पीपीसीला किती दिवस, ते इंजिनिअरच्या तोंडून ऐक आणि त्याआधी एक टेकूही हलू देऊ नकोस.

आणि उघड्या स्लॅबवर विश्वास टाकू नकोस, निदान वेल्ह्याच्या बाजूला. गच्चीला उतार दे, विटांचा कोबा कर, पाणी भरून ठेवून खालून ओल येते का बघ, आणि जमेल तेव्हा वर पत्र्याची शेड टाक. ‘गच्ची झाकली तर शोभा जाते’ म्हणणाऱ्यांना जुलैत रात्री मुक्कामाला बोलाव. शेडचा दुसरा फायदा तुला लगेच कळेल: चार महिने कपडे कुठं वाळवायचे, हा प्रश्न सुटतो. पाऊस पश्चिमेकडून तिरका मारतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या लहान, छज्जा रुंद, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवायला सांग, म्हणजे पाणी तिथंच तुटून खाली पडतं, मागं भिंतीकडं सरकत नाही. जुन्या घराची ती पडवी आठवते? सरपण, घोंगड्या, ओली इरली, सगळं सामावायचं. नव्या नकाशात इंजिनिअर पडवी काढत नाहीत. तू मागून घे. हॉल चार फूट लहान झाला तरी चालेल.

स्वयंपाकघर तर तुझंच, तिथं कुणाचं ऐकू नकोस. ओट्याची उंची ठरवायला पुस्तक नको, ताठ उभी राहा, कोपर काटकोनात धर, तिथून चार ते सहा इंच खाली ओटा. मिस्त्री सगळीकडं एकाच मापाचा बांधतो आणि बुटक्या-उंच सगळ्या बायका जन्मभर पाठ धरून उभ्या राहतात. भाताच्या कोठ्या कुठं ठेवणार, पाणी तापवायची चूल आत की बाहेर, न्हाणीचं पाणी परसातल्या अळूकडे जाणार की गटारीत, हे प्लास्टरच्या आधी मिस्त्रीला दाखव. मिक्सरचा, फ्रिजचा, दळण-यंत्राचा प्लग कुठं, हे भिंतीवर खडूनं काढून ठेव. शौचालयाला दोन शोषखड्डे, विहिरीपासून किमान दहा मीटर लांब आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. विजेच्या कामात अर्थिंग झालं का ते डोळ्यांनी बघ, बिलावर बघू नकोस.

आता तुला खरी धास्ती आहे ती माणसांची, ते मी ओळखलं. मिस्त्री विचारेल, ‘साहेब कधी येतील? त्यांच्याशी बोलतो.’ चिडू नकोस. ‘साहेब रविवारी येतील, पण ठरवायचं माझ्याशी,’ एवढं सांग आणि तेच पाळ. नवऱ्याला मात्र आधी समजावून ठेव, की फोन मिस्त्रीला नाही, रात्री तुला करायचा. दोन तोंडांतून दोन हुकूम गेले की गवंडी सोयीचा हुकूम ऐकतो, त्याचा दोष नाही. मामेसासरे येऊन खिडकी सरकवायला सांगतील, त्यांना चहा दे, ‘इंजिनिअरला विचारते’ म्हण. एखादी भिंत ओळंब्यात नाही असं वाटलं तर सगळ्यांसमोर बोलू नकोस, मिस्त्रीला बाजूला घे, ‘दादा, एकदा परत ओळंबा लावून दाखवा’ म्हण. चुकली असेल तर तोच उतरवेल. एक फूट उतरवायला अर्धा दिवस जातो, छताला गेल्यावर कुणी उतरवत नाही, म्हणून रोज बघायचं.

दमशील गं. चुलीवर दूध उतू जाईल, पोरांचा अभ्यास राहील, कुणीतरी म्हणेल ‘हिला घराचं वेड लागलंय’. चौकट बसवायच्या दिवशी हळदकुंकू वाहताना रडूही येईल. येऊ दे. पण रविवारी अर्धा दिवस काम बंद ठेव आणि झोप काढ, थकलेल्या डोक्यानं घेतलेला टाइल्सचा निर्णय वर्षानुवर्षं पायाखाली राहतो.

वास्तुशांतीच्या आमंत्रणांच्या आधी एक काम राहिलं. ग्रामपंचायतीत नव्या घराची नोंद लाव आणि नमुना आठला तुमची दोघांची नावं लाव. पती-पत्नी दोघांच्या नावे घर लावायची सोय आपल्या राज्यात बरीच वर्षं आहे, बायका मागत नाहीत म्हणून लागत नाही. संकोच करू नकोस, नवऱ्याला आत्ताच, पाया खोदायच्या आधीच सांगून ठेव, म्हणजे ते तेव्हा अवघड वाटणार नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिच्यावर काय लिहिलं आहे तेही बघ. अर्ज दिलास की पोच घे, महिन्याभरानं उतारा काढ, आणि काउंटरवरच उभी राहून तुझं नाव, घर नंबर आणि घराचं क्षेत्रफळ अक्षरन्‌अक्षर वाच. आडनावात काना चुकला असेल तर तिथंच दुरुस्त करून घेऊन मगच घरी ये.